यादवीत परकी फौज: अनुकूल बाजू मांडणारीला उत्तर

प्रश्न असा आला आहे: ‘बाई, आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात वादविवाद स्पर्धा आहे. विषय: दुसऱ्या देशातल्या यादवी युद्धात परकीय राष्ट्रांनी लष्करी हस्तक्षेप केला पाहिजे. चिठ्ठीत मला अनुकूल बाजू निघाली. बोलायला सात मिनिटं. रवांडावर भर द्यायचं ठरवलंय, पण समोरच्याने इराक नि लिबिया काढले की मी अडकणार. घरी आजोबा म्हणतात, श्रीलंकेत जाऊन आपण काय मिळवलं ते आधी सांग. कुठून सुरुवात करू?’

इंदुरात राज्यशास्त्र शिकवण्यात आणि अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा विषय शब्द बदलून येतच राहतो, आणि दर वेळी देशांच्या नावांची अंताक्षरी सुरू होते. एक म्हणतो रवांडा, दुसरा इराक. मग पहिला बोस्निया काढतो, दुसरा लिबिया. शेवटी ज्याचा आवाज मोठा तो जिंकल्यासारखा वाटतो. परीक्षकाच्या वहीत मात्र दोघांना सारखेच गुण पडलेले असतात, आणि तेही बेताचेच.

इराक आधी मोडीत काढ. अमेरिकेने २००३ साली इराकवर स्वारी केली तेव्हा तिथे यादवी चालू नव्हती. ती स्वारीनंतर पेटली. म्हणजे ते उदाहरण तुझ्या विषयात बसतच नाही. समोरच्याने काढलं तर एका वाक्यात एवढं सांग आणि पुढे जा, त्यावर मिनिट घालवू नकोस.

आता तुझ्या भाषणाकडे. ते मी पाहिलेलं नाही, पण त्यात एक वाक्य असणार अशी माझी जवळजवळ खात्री आहे: ‘आंतरराष्ट्रीय फौज तटस्थपणे मध्ये उभी राहील आणि रक्तपात थांबवेल.’ ते खोड. अनुकूल बाजू हरते ती याच वाक्यावर. दोन्ही पक्ष लढून दमले असतील, दोघांनी सह्या केल्या असतील, तर मध्ये उभी राहणारी फौज उपयोगी पडते. पण चालू यादवीत मध्य नावाची जागाच नसते. रस्ता मोकळा करून दिला तर त्याचा फायदा कोणाला तरी होतो. धान्याचा ट्रक सुखरूप पोहोचवला तर तो कोणाच्या तरी ताब्यातल्या गावात पोहोचतो. बाहेरून आलेला शिपाई पहिल्या आठवड्यातच त्या युद्धाचा एक पक्ष होतो, त्याला कळो वा न कळो. म्हणून तू सरळ म्हण: हस्तक्षेप म्हणजे बाजू घेणं. कोणाची बाजू, कशासाठी आणि कुठपर्यंत, हे आधी जाहीर करता येत असेल तर जावं. येत नसेल तर जाऊ नये. एवढ्या एका मुद्द्यावर सात मिनिटं उभी राहतात.

आजोबांच्या प्रश्नावर हाच मुद्दा घासून बघ. श्रीलंका टाळू नकोस, उलट तूच काढ. सभेतल्या चार ज्येष्ठांच्या मनात ते नाव आधीपासून असणारच.

जुलै १९८३ च्या तमिळविरोधी दंगलींनंतर भारताने तमिळ गटांना आपल्या भूमीवर आसरा आणि प्रशिक्षण दिलं. म्हणजे बाजू घेतली, पण उघडपणे नाही. १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने जाफन्याची कोंडी केली तेव्हा ४ जूनला आपल्या हवाई दलाने तिथे विमानांतून अन्नधान्य टाकलं. अजून आपण तमिळांच्याच बाजूला होतो. मग २९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. तमिळ गटांनी शस्त्रं खाली ठेवायची, उत्तर आणि पूर्व प्रांत तात्पुरते जोडायचे, तमिळांना प्रांतिक स्वायत्तता द्यायची आणि हे पार पडावं म्हणून भारतीय शांतिसेना यायची, असं ठरलं. सगळ्यात मोठा लढणारा गट वाघांचा, म्हणजे लिट्टेचा, आणि त्यांची त्या करारावर सहीच नव्हती. दुसऱ्याच दिवशी निरोपाच्या मानवंदनेत श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. सिंहली जनतेला हा करार किती रुचला होता ते त्या एका फटक्यात दिसलं.

पुढे ऑक्टोबरमध्ये आपलं सैन्य वाघांशी लढू लागलं. ज्यांना आपण शस्त्रं धरायला शिकवलं त्यांच्याशीच. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले. दक्षिणेत सिंहली तरुणांचं जनता विमुक्ती पेरमुना आमच्या बेटावर परकी फौज आली म्हणून आपल्याच सरकारविरुद्ध उठलं. १९८९ मध्ये जयवर्धने यांच्या जागी आलेल्या प्रेमदासांनी भारताला निघून जायला सांगितलं, इतकंच नाही तर आपल्याशी लढणाऱ्या वाघांनाच हत्यारं पुरवली. ज्या सरकारच्या बोलावण्यावरून आपण गेलो होतो, त्याच सरकारने! मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. सुमारे बाराशे भारतीय जवान तिथे कामी आले. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. यादवी मात्र मे २००९ पर्यंत चालूच राहिली.

यावर ‘पाहा, हस्तक्षेप वाईटच’ असं समोरचा म्हणेल. तू त्याला विचार: तीन वर्षांत भारत नेमका कोणाच्या बाजूने होता? आधी तमिळ गटांच्या, मग कराराच्या, मग सरकारच्या, आणि शेवटी कोणाच्याच नाही. उद्दिष्ट तीनदा बदललं, आणि शिपायाने मात्र त्याच जागी उभं राहून मरायचं. श्रीलंका हा तटस्थपणाचं सोंग घेतलेल्या हस्तक्षेपाविरुद्धचा पुरावा आहे. तो तुझ्या बाजूने लावता येतो, फक्त लावायचं धैर्य पाहिजे.

त्याच्या शेजारी १९७१ ठेव. आज आपण त्याला भारत-पाक युद्ध म्हणतो, पण त्या वर्षी जगाच्या लेखी पूर्व पाकिस्तान हा पाकिस्तानचा अंतर्गत प्रश्न होता. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू झाली आणि डिसेंबरपर्यंत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. आपण बाजू लपवली नाही. १७ एप्रिलला शपथ घेतलेल्या बांगलादेशच्या हंगामी मुजीबनगर सरकारला आसरा दिला, मुक्तिबाहिनीला उभं केलं आणि ६ डिसेंबरला मान्यता दिली. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी आणि माघारीचा ठराव केला. १०४ देश आपल्या विरुद्ध बाजूला होते, हा आकडा भाषणात असलाच पाहिजे. ‘जगाचं मत’ आणि ‘योग्य’ यांत किती अंतर असू शकतं ते त्यातून दिसतं. १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य ढाक्यातून निघालं. बाजू उघड होती, उद्दिष्ट एकच होतं, ज्यांच्यासाठी गेलो ते लोक स्वतः लढत होते आणि परतीची तारीख लांबली नाही.

प्रतिकूल बाजूची हुशार मुलगी इथे उठेल आणि म्हणेल, ‘भारत माणुसकीसाठी गेला नव्हता. पाकिस्तानचे दोन तुकडे करायला गेला होता.’ गोंधळू नकोस, मान्य कर. स्वार्थ होता. तो असतोच, आणि माझ्या मते तो असावा. केवळ दयेपोटी गेलेली फौज पहिल्या शवपेट्या घरी आल्या की परत फिरते. ३ ऑक्टोबर १९९३ च्या चकमकीत मोगादिशूत १८ अमेरिकन सैनिक मेले, आणि पुढच्या मार्चपर्यंत अमेरिका सोमालियातून बाहेर होती. तिथे तिचा स्वार्थ नव्हता. ज्याच्या सीमेवर एक कोटी माणसं येऊन बसली आहेत त्याला अर्ध्यावर सोडून जाता येत नाही. तसाच स्वार्थ टांझानियाला होता. त्यांनी १९७९ मध्ये हुकूमशहा इदी अमीनला युगांडातून हाकललं. व्हिएतनामलाही होता. त्यांनी जानेवारी १९७९ मध्ये कंबोडियातली पोल पॉटची राजवट संपवली, पण ते पुढे १९८९ पर्यंत तिथेच राहिले आणि बदल्यात जगाची बोलणी खात राहिले. ही दोन उदाहरणं नुसती नाव घेऊन सोडून दे, खोलात शिरू नकोस.

रवांडाबद्दल. तू तो सांगणार आहेस तो बहुधा असा: जग गेलं नाही आणि शंभर दिवसांत तुत्सी जमातीची लाखो माणसं मारली गेली. वास्तव याहून वाईट आहे, आणि तुझ्या मुद्द्याला जास्त उपयोगी. जग तिथे आधीपासून होतं. कॅनडाचे जनरल दालेर यांच्या हाताखाली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना राजधानी किगालीतच होती. ७ एप्रिल १९९४ ला दहा बेल्जियन शांतिसैनिक मारले गेले, बेल्जियमने अंग काढून घेतलं आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने ती सेना २७० माणसांवर आणण्याचा ठराव केला. कत्तल ऐन भरात असताना! सुमारे पाच हजार सुसज्ज सैनिक मिळाले तर हे थांबवता येईल, असं दालेर यांचं म्हणणं होतं. अखेर कत्तल थांबली ती त्याच यादवीतला एक पक्ष, तुत्सी बंडखोरांचा रवांडन पेट्रिऑटिक फ्रंट, लढाई जिंकला म्हणून. मधल्या काळात जूनमध्ये फ्रेंच फौज गेली, तिने संरक्षित पट्टा आखला आणि त्याच पट्ट्यातून कत्तल करणारे कितीतरी जण शेजारच्या झैरमध्ये (आजच्या काँगोत) निसटले. तटस्थ फौज आधी होती, तिने काही थांबवलं नाही. नंतरही आली, तिने मारेकऱ्यांना वाट दिली. रवांडा असा सांगितलास तर समोरच्याकडे त्याचं तयार उत्तर नसेल, कारण कोणी असा सांगतच नाही. बोस्नियातलं स्रेब्रेनिका त्याला जोडून एका वाक्यात येऊ दे: संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित’ जाहीर केलेलं गाव, राखायला डच शांतिसैनिक, आणि जुलै १९९५ मध्ये तिथे सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले.

लिबिया हा समोरच्याचा खरा हुकमाचा पत्ता. १७ मार्च २०११ ला सुरक्षा परिषदेचा १९७३ क्रमांकाचा ठराव दहा मतांनी संमत झाला. भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी हे पाच जण मतदानापासून दूर राहिले. उद्दिष्ट होतं बेनगाझीतल्या नागरिकांचं संरक्षण. ऑक्टोबरमध्ये हुकूमशहा गद्दाफी मारला गेला, तोवर नाटोची विमानं बंडखोरांचं हवाई दल होऊन बसली होती. मग विमानं परतली. जमिनीवर राज्य चालवणारं कोणी उरलं नाही, शस्त्रागारं फुटली, तिथली हत्यारं घेऊन तुआरेग लढवय्ये मालीत गेले, आणि २०१४ पासून लिबियात पुन्हा यादवी. याचं समर्थन करायला जाऊ नकोस, जमणार नाही. बेनगाझीचं रक्षण हे एक काम होतं, राजवट उलथवणं दुसरं, आणि पहिल्यासाठी मिळालेल्या परवानगीवर दुसरं उरकलं गेलं, एवढंच सांग. बाजू बदलणं जितकं घातक तितकंच कामाची व्याप्ती गुपचूप वाढवणंही. लिबियाचा राग सीरियावर निघाला, हेही सांगता येईल: त्यानंतर रशिया आणि चीन तशा ठरावांना नकाराधिकार वापरत राहिले.

सीरियाबाबत मात्र सावध राहा. ‘तिथे कोणी गेलं नाही म्हणून हाल झाले’ असं बोलणारे मी ऐकले आहेत. ते चूक आहे. तिथे जो तो गेला: इराण, हिजबुल्ला, सप्टेंबर २०१४ पासून अमेरिकेची विमानं, ३० सप्टेंबर २०१५ पासून रशियाची, मग तुर्कस्तान. प्रत्येक पक्षाला आपापला पाठीराखा मिळाला की यादवी दमत नाही. रशियाने तर बाजूही उघड घेतली होती आणि सरकारचं निमंत्रणही होतं, तरी राष्ट्राध्यक्ष असद ८ डिसेंबर २०२४ ला मॉस्कोला पळाले. तुझ्या मुद्द्याला सगळ्यात जास्त टोचणारं उदाहरण हेच आहे. बाजू घेणं पुरेसं नाही, ज्याची बाजू घेतली त्याला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे, अशी भर तुला तिथे घालावी लागेल.

निमंत्रणाचा विषय निघाला आहे तर कायदा दोन वाक्यांत. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) बळाच्या वापराला मनाई करतं. अपवाद दोन, स्वसंरक्षण आणि सुरक्षा परिषदेची परवानगी. कायदेशीर सरकारने स्वतः बोलावलं असेल तर तो बळाचा वापर मानला जात नाही, आणि म्हणून प्रत्येक देश निमंत्रणपत्र खिशात ठेवून सीमा ओलांडतो. बंडखोरांना शस्त्रं पुरवणं बेकायदा, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये निकाराग्वाच्या खटल्यात अमेरिकेला सुनावलं. २००५ च्या जागतिक परिषदेत ‘संरक्षणाची जबाबदारी’ हे तत्त्व सर्वांनी मान्य केलं, पण तेही सुरक्षा परिषदेच्या दारातूनच जातं. बस्स. विद्यापीठाच्या पेपरात याला वीस गुण असतात, मांडवातल्या श्रोत्याला तीस सेकंदांत जांभई येते.

निमंत्रणावर मात्र आपल्या घरचा दाखला आहे आणि तो इंदुरात नाही सांगायचा तर कुठे? २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. मराठ्यांची ती सरळसरळ यादवी. आदल्या वर्षी यशवंतरावांच्या भावाला, विठोजीला, पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं, म्हणजे वैराचं कारणही घरगुतीच. दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह करून बसला. कायदेशीर सरकार तोच होता, निमंत्रण बिनतोड होतं. सहा पलटणींची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाखांचा मुलूख, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय परराज्यांशी व्यवहार नाही. मे १८०३ मध्ये इंग्रजांनी त्याला पुण्यात आणून बसवलं. सप्टेंबरात इंग्रज आणि शिंदे यांच्यात असईची लढाई. होळकर त्या वेळी शिंद्यांच्या मदतीला गेले नाहीत आणि पुढच्या वर्षी एकटे लढले. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला इंग्रजांकडून होळकरांचा पराभव, जानेवारीत मंदसौरचा तह, आणि त्याच वर्षी महूची छावणी. आपण रोज ज्या रेसिडेन्सी (इंग्रज रेसिडेंटचं ठाणं) भागातून येतो-जातो त्याच्या नावाचं मूळ बाजीरावाच्या त्या आमंत्रणापर्यंत जातं.

हा दाखला प्रतिकूल बाजूचा आहे, हे तुला दिसलंच असेल. तरी तूच आधी दे, कारण समोरून आला तर टाळ्या त्यांना. आणि त्यातून हे काढ: निमंत्रण हा कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात भक्कम आधार आणि राजकारणाच्या दृष्टीने सगळ्यात कच्चा. ज्याला परक्याला बोलवावं लागतं त्याच्या मागे आपली माणसं उरलेली नसतात. अफगाणिस्तानात सत्ताधारी हफीजुल्ला अमीन सोव्हिएत फौजा मागत राहिला. त्या आल्या आणि २७ डिसेंबर १९७९ ला त्यांनी त्यालाच महालात ठार केलं. येमेनचे राष्ट्राध्यक्ष हादी यांनी बोलावलं म्हणून मार्च २०१५ मध्ये सौदी आघाडी उतरली. २०२१ च्या अखेरीपर्यंत तिथे ३,७७,००० मृत्यू झाले असावेत असा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज होता, त्यातले निम्म्याहून जास्त भूक आणि रोगराईने. म्हणून ‘कोणी बोलावलं’ यापेक्षा ‘ज्याच्यासाठी जातोय तो तिथल्या लोकांचा आहे का’ हा प्रश्न विचारायचा. १९७१ मध्ये त्याचं उत्तर निवडणुकीने आधीच दिलेलं होतं. डिसेंबर १९७० मध्ये अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या होत्या.

एक छोटं उदाहरण राखून ठेव, सिएरा लिओनचं. मे २००० मध्ये ब्रिटिश फौज राजधानी फ्रीटाऊनला उतरली, निवडून आलेल्या सरकारची बाजू उघडपणे घेतली, त्यांचं सैन्य शिकवलं. जुलैमध्ये कैलाहुनला वेढ्यात अडकलेल्या भारतीय शांतिसैनिकांना आपल्याच सेनेने ‘खुकरी’ मोहिमेत लढून बाहेर काढलं. जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याचं जाहीर झालं. देश लहान होता, बंडखोर लोकांच्या मनातून उतरलेले होते, हे प्रामाणिकपणे सांगून टाक.

समोरचा शेवटी म्हणणारच: ‘ज्याचं त्याला निस्तरू द्या.’ त्यासाठी स्पेन ठेव. १९३६ च्या यादवीत ब्रिटन आणि फ्रान्सने पुढाकार घेऊन अलिप्ततेची समिती स्थापली. जर्मनी आणि इटली त्या समितीत बसलेही आणि बंडखोर सेनापती फ्रँकोला विमानं आणि सैन्यही पाठवत राहिले. २६ एप्रिल १९३७ ला गेर्निका हे गाव जळालं ते जर्मन विमानांच्या बाँबनी. अलिप्त राहणाऱ्यांनीही तिथे बाजू घेतलीच, फक्त कागदावर नाही.

भाषण बसवताना क्रम असा ठेव: श्रीलंका, १९७१, रवांडा, मग वसई. लिबिया आणि सिएरा लिओन उत्तराच्या फेरीसाठी. इराकवर एक वाक्य. आणि आकडे पाठ असतील तरच बोल. श्रीलंकेत ‘हजारो जवान गेले’ असं मोघम म्हणू नकोस. महू इथून जवळ आहे, परीक्षकांत नाही तर पहिल्या रांगेत एखादे निवृत्त कर्नल असतातच, आणि त्यांना रेजिमेंटचं नावसुद्धा बरोबर लागतं.